डक्टमधला धूर

चि. सोनू,

शेजारच्या धुराबद्दलचा आणि वरच्या आवाजाबद्दलचा तुझा लांबलचक निरोप वाचला. आधी एक काम कर. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा म्हणून जो मजकूर ‘बघ गं, कसा वाटतो’ असं विचारत मला पाठवलास, तो पुसून टाक. झणझणीत जमलाय, म्हणूनच पुसायचा. सगळ्या सोसायटीसमोर ज्याची अब्रू काढलीस, तो माणूस उद्या तुझ्यासाठी साधी खिडकीही लावणार नाही. हे फोनवरच सांगणार होते, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते, तेव्हा गळतीच्या खालोखाल तक्रारी यायच्या त्या आवाजाच्या. धुराच्या कमी, पण आल्या की चिघळायच्या. तक्रार घेऊन येणाऱ्याला गुन्हेगार कोण हे पक्कं ठाऊक असायचं आणि पुष्कळदा तो भलताच निघायचा. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा सांगायचे, वरचे लोक रात्री फरशीवर गोट्या खेळतात. वरच्या फ्लॅटला तर कुलूप! टाकी भरून पंप बंद झाला की पाइपातलं पाणी एकदम थांबून दणका देतं, तोच भिंतीतून मजल्यामजल्यावर ऐकू यायचा. व्हॉल्व्ह बदलला, आवाज गेला. आजोबांना मात्र ते कधीच पटलं नाही.

तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाईंवर एवढ्या खात्रीनं रागावू नकोस. टीव्ही, भांडणं हे हवेतून येतं. दार-खिडकी लावली की कमी होतं. पण सरकवलेली खुर्ची, ओट्यावरचा मिक्सर, खलबत्ता, यांचा ठोका स्लॅबला आणि खांबांना धरून चालतो. पलीकडच्या विंगमधला आवाजसुद्धा अगदी डोक्यावर वाटतो. रात्री आवाज पुन्हा सुरू झाला की नवऱ्याला जिन्यानं वर-खाली एक चक्कर मारायला सांग. कुणाचं दार वाजवायचं नाही, नुसतं ऐकून यायचं.

धुराचंही तेच. शेजारचा बाल्कनीत ओढतो म्हणतेस, आणि वास बाथरूममध्ये जास्त येतो हेही तूच लिहितेस. म्हणजे तो बाल्कनीतला नव्हे, डक्टमधला आहे. तुमच्यासारख्या बहुतेक इमारतींत संडास-बाथरूमच्या खिडक्या एका उभ्या, अरुंद डक्टमध्ये उघडतात. खाली कुठल्याही मजल्यावर कुणी सिगारेट पेटवली की धूर त्या डक्टमधून वर चढतो आणि काचेच्या पट्ट्यांतून आत शिरतो. त्यात तुम्ही एसीसाठी सगळ्या खिडक्या बंद करता आणि स्वयंपाकघरातली चिमणी लावता. चिमणी घरातली हवा बाहेर फेकते, तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. ती येते डक्टमधून आणि मुख्य दाराखालच्या फटीतून. खोटं वाटत असेल तर बाथरूमच्या खिडकीशी उदबत्ती धरून बघ, एकदा चिमणी बंद ठेवून आणि एकदा चालू करून. धूर कुठे वळतो ते डोळ्यांना दिसेल.

म्हणून चिमणी लावण्याआधी हॉलची खिडकी चार बोटं उघडायची. बाथरूमचं दार लावलेलं ठेवायचं, खाली रबरी पट्टी बसवून घ्यायची. बाथरूमच्या एक्झॉस्टला मागे झडप नसेल तर ती लावून घे. पंखा बंद असताना वास तिथूनच येतो. पाहुण्यांच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपमध्ये आठवड्याला तांब्याभर पाणी ओत. तो सुकला की ड्रेनेजचा वास वर येतो आणि तोही बिचाऱ्या सिगारेटवाल्याच्या नावावर जमा होतो.

एवढं करूनही धूर पुरता जाणार नाही, हे आताच सांगते. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २००६ सालच्या अहवालात स्पष्ट म्हटलंय, की दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी कुठलीच पातळी नाही आणि हवा खेळती ठेवून किंवा गाळून तो पूर्ण काढता येत नाही. तू विचारतेयस त्या महागड्या प्युरिफायरचा हेपा फिल्टर कण पकडतो, वायू नाही. वासासाठी कार्बनचा चांगला जाड थर लागतो आणि तोही बदलत राहावा लागतो. बाळाच्या खोलीत हवा तर ठेव, पण तो घेतला म्हणून बोलणं टाळू नकोस.

बोलायचं आहेच, ते कसं, ते आता ऐक. माणूस डक्टच्या खिडकीशी उभा राहून सिगारेट का ओढतो? घरच्यांनी हॉलमधून हाकललेलं असतं म्हणून. सून म्हणते, बाबा, घरात लहान मूल आहे, बाहेर जा. आणि ‘बाहेर’ म्हणजे त्याच्यापुरती संडासाची खिडकी! म्हणजे त्या घरात हा विषय आधीच खदखदतोय. तू दारात उभी राहून ‘तुमच्या सिगारेटचा त्रास होतो’ म्हणालीस, की त्याला बायकोमुलांसमोर उत्तर द्यावं लागणार, आणि ते वाकडंच येणार. त्याला पार्किंगमध्ये किंवा लिफ्टपाशी एकट्याला गाठ. सिगारेट सोडा म्हणू नकोस, ते त्याच्या डॉक्टरांनी सांगून झालेलं असतं. मागणी इतकी लहान ठेव, की हो म्हणताना त्याला कमीपणा वाटू नये. ‘काका, रात्री बाळ झोपतं तेव्हा डक्टऐवजी रस्त्याकडच्या बाल्कनीत उभे राहाल का? डक्टमधून थेट आमच्याकडे येतो.’ एवढंच. आणि बाळाला दमा आहे वगैरे काही रचू नकोस. सोसायटीत खोटं लिफ्टपेक्षा लवकर सगळ्या मजल्यांवर पोचतं.

कायद्याचं विचारलंयस. धुरासाठी कायदा लंगडा आहे. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. मग २००३ चा कायदा आला, २ ऑक्टोबर २००८ पासून नियम कडक झाले, २०० रुपयांपर्यंत दंड आहे. पण हे सगळं माणसाच्या उंबऱ्याबाहेरच थांबतं. आपल्या घरात तो ओढू शकतो. तुला आधार सोसायटीच्या आदर्श उपविधींचा. इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही सदनिकेत करू नये, असं त्यांत आहे. बोलून काहीच झालं नाही तर पंधरा दिवस तारीख, वेळ आणि कुठल्या खिडकीतून आला एवढं वहीत टिपून ठेव, आणि मग लेखी अर्ज दे. तुम्ही भाड्यानं राहता, म्हणून अर्ज घरमालकाच्या सहीनं जाऊ दे आणि ऑफिसातून पोच घे. नाहीतर ‘भाडेकरूंचं आम्ही ऐकत नाही’ म्हणायला कमिटी मोकळी.

कमिटीवरून आठवलं. खालच्या मजल्यावर आयटीतली तीन मुलं राहतात असं लिहिलंयस. कमिटीला असा बॅचलर फ्लॅट म्हणजे आयता बकरा. तुझा अर्ज हाती पडला की ‘बघा, आम्ही म्हणतच होतो’ करत त्यांच्या मालकाला नोटीस जाईल, आणि धूर कदाचित पाचव्या मजल्यावरच्या माजी चेअरमनचा असेल. उदबत्ती लाव, वहीत टीप, खात्री कर. तुझ्या कागदामुळे कुणा पोरांचं बिऱ्हाड हललेलं मला अजिबात आवडणार नाही.

आवाजाचा कायदा जास्त धड आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहानंतर क्लबहाउससमोर स्पीकर लावून हळदीचा नाच चालू असेल तर आधी सेक्रेटरीला फोन, नाही थांबला तर ११२. तिथे संकोच नको. मोबाइलवरच्या ॲपचे आकडे मात्र कुणाला दाखवत बसू नकोस, ते अंदाजाचे असतात.

पण खुर्ची ओढली म्हणून पोलीस येत नाहीत, येऊही नयेत. हार्डवेअरच्या दुकानात खुर्चीच्या पायांना चिकटवायचे फेल्टचे तुकडे मिळतात, अगदी स्वस्त. दोन पाकिटं आण. एक तुमच्या खुर्च्यांना लाव, दुसरं घेऊन वर जा. रिकाम्या हातानं नको, थोड्या शंकरपाळ्या ने. मिक्सरखाली जुन्या टॉवेलची घडी ठेवली की निम्मं भागतं, हेही गप्पांच्या ओघात सांग. वरची पोरं धावतात त्याबद्दल मात्र एक अक्षर बोलू नकोस. वर्षभरात तुझं पिल्लू धावायला लागेल आणि तुमच्याखालीही कुणीतरी राहतं. आत्ता ते रात्री तीनला भोकाड पसरतं, ते ऐकून आजवर कुणी तुझं दार वाजवलेलं नाही, हेही ध्यानात असू दे.

तुझे बाबा म्हणतील, चाळीत आम्ही काय काय सोसलं, तुम्हालाच नखरे. तिकडे लक्ष देऊ नकोस. चाळीत सगळे सोसत नव्हते. कुणाच्या मुलाची मॅट्रिकची परीक्षा आहे हे सगळ्यांना माहीत असायचं म्हणून रेडिओ बारीक व्हायचा, आणि नाही झाला तर नळावर भांडण व्हायचं. तुला वरच्या बाईंचं नावसुद्धा माहीत नाही. आधी ते विचारून ये.

पुढच्या रविवारी मी येतेच आहे. रबरी पट्टी दादरहून आणते, तिकडे दुप्पट भाव लावतात. बाथरूमच्या दाराची रुंदी टेपनं मोजून कळव, वितीनं नको. झडपेसाठी एक्झॉस्टच्या भोकाचं मापही पाठव.

तुझी,
मावशी