चुलीतली राख : कधी काढावी, कोठे ठेवावी

'आगीतून फुफाट्यात' ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. परंतु फुफाटा म्हणजे नेमके काय, हे आता पुष्कळ तरुणांना सांगावे लागते. वरून निवलेली, करडी, निरुपद्रवी दिसणारी आणि पोटात विस्तव बाळगून असलेली राख म्हणजे फुफाटा. आग डोळ्यांना दिसते, म्हणून माणूस तिच्यापासून दूर राहतो. फुफाटा दिसत नाही. परसात ओतलेल्या राखेवरून अनवाणी धावत गेलेले मूल भाजते ते ह्यामुळेच. सुगीनंतर पिंजराच्या गंजीला आग लागली की आपण विडीवाल्याला दोष देतो. पण सकाळी उकिरड्यावर राख कोणी टाकली होती, ही चौकशीही करावी.

घरोघरी गॅस आला हे खरे. तरीही आपल्या खानापूर-चंदगडकडच्या भागात न्हाणीची चूल पुष्कळ घरांत पेटते, गुरांचे आंबोण लाकडावरच शिजते, आणि सिलिंडर संपला की स्वयंपाकघरातली चूलही पुन्हा जागी होते. तेव्हा राख काढण्याचे काम काही संपलेले नाही. ते बहुधा घरातल्या सर्वांत लहान मुलीकडे किंवा सर्वांत वृद्ध बाईकडे असते. एकीला समज बेताची, दुसरीला दृष्टी बेताची. हे काम त्या दोघींकडून काढून घ्यावे असे माझे मत आहे; घरातल्या पुरुषाने ते केले तर त्यात कमीपणा नाही.

राख उष्णता कोंडून धरते, ही गोष्ट आपल्या आज्यांना पक्की ठाऊक होती. रात्री त्या निखारे राखेत पुरून ठेवीत आणि पहाटे राख बाजूला सारून, चार काटक्या घालून, फुंकणीने विस्तव फुलवीत. काडी ओढावी लागत नसे. राखेखाली निखाऱ्याला हवा थोडीच मिळते, म्हणून तो भरभर जळून संपत नाही. आणि वरचा थर त्याची ऊब बाहेर जाऊ देत नाही. आजीने जाणूनबुजून जे केले, तेच आपण राखेचा ढीग परसात टाकताना नकळत करतो. अशा ढिगात निखारा तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. मग चैत्रातला वारा सुटतो, वरची राख उडते, आणि खालचा निखारा मोकळा होतो.

म्हणून राख काढावी ती सकाळी, चूल पेटवण्यापूर्वी. रात्रीचे जेवण उरकल्यावर लगेच काढू नये. पत्र्याच्या सुपलीने किंवा लोखंडी उलथन्याने हळूच ओढून ती पत्र्याच्या, झाकण असलेल्या डब्यात भरावी. तेलाचा जुना डबा चालेल. प्लास्टिकची बादली, बांबूची पाटी, खोके किंवा पोते मुळीच नको. डबा झाकून अंगणात, दगडावर किंवा उघड्या मातीवर ठेवावा. भिंत, गोठा, लाकडांची रास आणि गंजी यांपासून लांब. तेथे तो चार दिवस राहू द्यावा. दोन डबे केले की एक भरतो तोवर दुसरा निवतो. राख थंड झाली का हे हात घालून पाहू नये. काठीने तळापर्यंत ढवळून पाहावे. घाईच असेल तर बाहेर, उघड्यावर, थोडे थोडे पाणी शिंपडून ढवळावे. चुलीतल्या गरम राखेवर मात्र पाणी ओतू नये. वाफेबरोबर राख तोंडावर उडते आणि मातीची चूल तडकते.

राख सगळी खरवडून काढण्याची गरज नाही. तळाला बोटभर थर राहू दिला तर चुलीची जमीन जळत नाही आणि ऊब टिकते. त्याहून जास्त साचली की हवेची वाट बुजते, लाकूड धुमसते, आणि बायका जन्मभर डोळे चोळत बसतात. धुरांडे असलेल्या चुलीत काजळीही साचते. तेही अधूनमधून साफ करावे.

आणखी एक धोका आहे, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. थंडीच्या दिवसांत निखारे असलेली राख घमेल्यात घालून उबेसाठी खोलीत ठेवण्याची रीत आहे. बाळंतिणीच्या खोलीत तर दारे-खिडक्या लावून शेगडी ठेवतात. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. खोली बंद असेल तर निखारा आत नको. मग तो राखेखाली झाकलेला का असेना.

थंड राखसुद्धा अगदी निरुपद्रवी नव्हे. पाणी मिळाले की तिचा तीव्र खार होतो. डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने निदान २० मिनिटे धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. राखेच्या बुधवारची राखही पाण्यात कालवून भिजत ठेवू नये, हे आमच्या मदतनिसांना मी सांगत असतो; कपाळाची कातडीसुद्धा पोळू शकते. फुफाट्याने पाय भाजल्यास त्यावर २० मिनिटे थंड, वाहते पाणी धरावे. तूप, टूथपेस्ट आणि शाई नको. जखमेवर किंवा बाळाच्या नाळेवर राख कधीही लावू नये. तीतून धनुर्वाताचे जंतू जातात. ॲल्युमिनियमची भांडी राखेने घासली तर ती काळी पडतात आणि झिजतात. राख पितळेलाच बरी.

आता शेताकडे वळू. लाकूड जळताना नत्र हवेत निघून जातो. मागे मुख्यतः चुना, काही पालाश आणि थोडा स्फुरद उरतो. 'पोटॅश' या शब्दाचा मूळ अर्थच भांड्यातली राख असा आहे, आणि १८०७ साली हंफ्री डेव्ही यांनी पोटॅशपासूनच पोटॅशियम प्रथम वेगळे केले. १०० किलो सुक्या लाकडातून सुमारे १ किलो राख मिळते. भाताच्या तुसाची राख २० किलोंच्या घरात जाते, पण तीत बहुतेक वाळूचाच अंश असतो. तिला लाकडाच्या राखेचे मोल नाही.

खानापूरकडची तांबडी जमीन पावसाने धुपून आंबट झालेली असते. तिला राखेतला चुना मानवतो. नारळ, केळी आणि रताळ्यांना पालाश लागतो. गुंठ्याला वर्षाकाठी ७-८ किलोंवर जाऊ नये. गोकाक-बैलहोंगलकडच्या काळ्या जमिनीत चुना मुळातच पुष्कळ आहे. तेथे राख टाकून उपयोग नाही. बटाट्याच्या वाफ्यातही ती नको, कंदांना खरूज लागते. युरियात किंवा ताज्या शेणखतात राख मिसळली तर नत्र अमोनिया होऊन उडून जातो, म्हणून दोहोंत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे. आणि ज्या चुलीत दुधाच्या पिशव्या, टायरचे तुकडे किंवा रंगवलेली फळकुटे जाळली जातात, तिची राख भाजीच्या वाफ्यात घालू नये.

निवलेली राख पावसापासून जपावी. पालाश पाण्यात विरघळतो; उघड्यावर पडलेल्या राखेतला बराचसा पहिल्या पावसातच वाहून जातो, आणि उरतो तो नुसता चुना.