योगायोगांची कादंबरी

प्रश्न : नुकत्याच ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ वाचल्या. ताटातूट, संकटं, पुन्हा भेट! गंमत वाटली, पण एवढे योगायोग कसे पटावेत? – एक वाचक, पवनी (जि. भंडारा)

उत्तर : पटवायचा हेतूच नव्हता हो. हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868ची. रिसबुडांनी प्रस्तावनेतच लेखकाची अडचण सांगून टाकली आहे. आपल्या लग्नाच्या चालीरीतींमुळे हिंदूंच्या आयुष्यात कादंबरीला पुरेल असं काही घडतच नाही, असं त्यांचं म्हणणं. खरंच आहे, बालविवाहाच्या काळात प्रेमात पडायला सवड कुठली? म्हणून प्रेम राजवाड्यात गेलं, आणि साहस त्याच्या पाठोपाठ. त्याआधी, 1857 साली, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’मध्ये विधवांची दुःखं मांडली होती, पण अद्भुताची वाट बरीच वर्षं गजबजलेली राहिली. मला स्वतःला पात्रांपेक्षा यातला कथेचा वेग आवडतो.

साहसाची हौस फिटली नसेल, तर जंगलात आयुष्य घालवलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांचं ‘चकवाचांदण’ घ्या. कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. त्यातलं नवेगावबांध 1999पर्यंत तुमच्याच जिल्ह्यात होतं.