आजाऱ्याचे ताट

[औषधाइतकेच आजाऱ्याचे जेवणही महत्त्वाचे असते. परिचारिकांना हे शिक्षण मुद्दाम दिले जाते. ते ज्ञान प्रत्येक घरात का हवे, हे या पाठात सांगितले आहे.]

मुलांनो, घरी कोणी आजारी पडले की डॉक्टर औषध लिहून देतात आणि शेवटी म्हणतात, "पथ्य सांभाळा." उर्दूत आपण याला परहेज म्हणतो. गोळ्या आपण वेळेवर देतो, पथ्य मात्र विसरतो. पथ्य म्हणजे फक्त 'हे खाऊ नका' असे आपल्याला वाटते. खरे तर आजाऱ्याने काय खावे, किती खावे आणि केव्हा खावे, हे सर्व पथ्यात येते.

नवी मुंबईत कोपरखैरणे भागात बोनकोडे हे गाव आहे. ही जुनी आगरी-कोळी वस्ती. भात आणि मासळी हे इथले पूर्वीपासूनचे जेवण. नवी मुंबई वसली आणि निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येथे राहायला आली. आता एका घरात तांदळाची भाकरी व सुकट असते, तर शेजारच्या घरात बिर्याणी व शीरखुर्मा. ताटे वेगळी आहेत; पण मधुमेह आणि रक्तदाब हे आजार दोन्ही घरांत आढळतात.

या गावातील माझी एक जुनी विद्यार्थिनी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. तिच्या दादीला मधुमेह आहे. डॉक्टरांनी इन्सुलिनचे इंजेक्शन सुरू केले. घरच्यांनी दादीचा गोड चहा, शिरा, आंबा सारे एकदम बंद केले. एके दिवशी दुपारी इंजेक्शन घेतल्यावर दादीने ताट दूर सारले. "रोज हे बेचव जेवण! मला नको," असे म्हणून त्या रागाने झोपल्या.

थोड्या वेळाने मुलगी घरी आली. पाहते तो दादीला दरदरून घाम फुटलेला, हात थरथरत होते. आई म्हणाली, "उन्हाचा त्रास असेल, झोपू दे." पण मुलीने ओळखले. इंजेक्शन घेतले आणि जेवण झाले नाही, त्यामुळे रक्तातील साखर फार कमी झाली होती. दादी शुद्धीवर आहेत हे पाहून तिने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. आई घाबरून म्हणाली, "अगं, साखर? ती तर त्यांना विष आहे!" पंधरा-वीस मिनिटांत दादी सावरल्या. मग मुलीने त्यांना पोळी व डाळ खाऊ घातली आणि डॉक्टरांना कळवले.

जी साखर एरवी टाळायची, तीच त्या वेळी औषध ठरली. मात्र आजारी माणूस बेशुद्ध असेल, तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

दुसऱ्या दिवशी मुलगी दादीजवळ बसली. "दादी, तुम्हाला काय आवडते ते सांगा. त्यातूनच आपण ताट ठरवू." भात बंद झाला नाही, त्याचे प्रमाण कमी झाले. त्याच्या सोबत डाळ, पालेभाजी आणि मासळीचा तुकडा आला. दादी पुन्हा वेळेवर जेवू लागल्या.

परिचारिकांना पहिल्या वर्षीच आहारशास्त्र शिकवतात. पिष्टमय पदार्थांपासून शक्ती मिळते, प्रथिनांनी शरीराची झीज भरून निघते, जीवनसत्त्वे व खनिजे शरीराचे काम सुरळीत ठेवतात, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. आजारपणात यांचे प्रमाण बदलावे लागते. रक्तदाबाच्या रुग्णाला मीठ कमी हवे. खाऱ्या सुक्या मासळीत, पापडात आणि लोणच्यात ते भरपूर असते. निरोगी मोठ्या माणसानेही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नारळपाणी आपण कोणत्याही आजाऱ्याला नेतो. परंतु त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या हृदयाला ते धोक्याचे ठरू शकते. रक्त कमी असलेल्या मुलीने पालेभाजी, डाळ व मांस खावे, वर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नये. लिंबामुळे अन्नातील लोह शरीरात अधिक शोषले जाते, चहामुळे कमी.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर पुस्तक लिहिले. त्यात रुग्णाच्या जेवणावर त्यांनी स्वतंत्र प्रकरणे लिहिली. आपल्या देशातील उदाहरणही मोठे आहे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथे कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. नातेवाईकही ते पाजू लागले. शंभरात तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आले. आज जुलाब झालेल्या मुलाचे पाणी काही घरांत बंद करतात. तसे कधीही करू नका. क्षारसंजीवनीची पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे.

रमजान असो वा एकादशी, मधुमेही व्यक्तीने उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, हे आपण जाणतोच. ती सवलत घेण्यात कमीपणा नाही.

मुलांनो, सर्वच जण परिचारिका किंवा डॉक्टर होणार नाहीत. पण आजाऱ्याचे ताट प्रत्येक घरात वाढले जाते. ते प्रेमाने वाढा आणि समजून वाढा.

शब्दार्थ
पथ्य : परहेज
परिचर्या : रुग्णाची सेवा
दगावणे : मरण पावणे
मूत्रपिंड : गुर्दा
निर्वासित : घरदार सोडून आलेले लोक

स्वाध्याय
१. दादीला घाम का फुटला?
२. 'साखर औषध ठरली' असे लेखात का म्हटले आहे?
३. नारळपाणी कोणत्या रुग्णाला धोक्याचे ठरू शकते? का?
४. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना पथ्याविषयी विचारा व पाच वाक्ये लिहा.