ओमवरून केबल मोजताना

"काका, पक्की शंभर मीटर आहे," असं सांगून दुकानदाराने मल्टिमीटर दाखवला. आकडा होता १.३८ ओम. केबल सबमर्सिबल मोटरची, तांब्याची, तीन कोरची, २.५ स्क्वेअर एमएमची. उघडलेल्या ड्रमवर उरलेली, त्यामुळे सगळी उलगडून टेप लावायचा कंटाळा. काकांनी शंभर मीटरचे पैसे दिले.

बोअरमध्ये मोटर सोडायचं काम माझ्याकडे होतं. मोटर अडीचशे फुटांवर, म्हणजे ७६ मीटरवर ठेवायची होती. सोडण्याआधी केबल बांधावर अंथरून मोजली, तर ७१ मीटरच भरली. ऊस सुकत होता, थांबायची सोय नव्हती. तुकडा जोडून मोटर सोडावी लागली. पुढे त्याच जॉइंटमध्ये पाणी शिरलं आणि सगळा पाइप, मोटरसह, परत वर काढावा लागला. त्यात काकांचा पैसाही गेला आणि पाण्याची पाळीही.

रोधावरून लांबी काढायचं दुकानदाराचं सूत्र मात्र बरोबर होतं. लांबी म्हणजे रोध गुणिले क्षेत्रफळ भागिले रोधकता. एक स्क्वेअर एमएम जाडीच्या एक मीटर तांब्याचा रोध २० अंश सेल्सिअसला ०.०१७२ ओम असतो. शंभर मीटर केबलच्या दोन कोर टोकाला जोडल्या की जाऊन-येऊन २०० मीटर तार होते आणि रोध येतो १.३८ ओम. सूत्रात जे दिसत नाही, तिथे घात झाला.

पहिली गोष्ट टेस्ट लीडची. मल्टिमीटरच्या दोन लीड एकमेकींना टेकवल्या, तरी ०.२ ते ०.५ ओम दिसतात. एवढ्या जाड केबलवर ०.३ ओम म्हणजे जवळजवळ २२ मीटर, जी केबल अस्तित्वातच नाही. दुसरी गोष्ट उन्हाची. तापमान एक अंश वाढलं की तांब्याचा रोध सुमारे ०.४ टक्के वाढतो. उन्हात तापून ४५ अंशांवर गेलेल्या केबलचा रोध दहा टक्के जास्त भरतो. या दोन्ही गोष्टी धरल्या की ७१ मीटरच्या केबलवरही १.३८ ओमच दिसतात.

धातूही तपासावा. तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम असेल, तर ६१ मीटरचा रोध शंभर मीटर तांब्याएवढा येतो. तार बारीक असली तरी हेच होतं. नुसता रोध सांगत नाही की तार लांब आहे, बारीक आहे की हलक्या धातूची आहे.

म्हणून वायरमन मंडळींना माझं सांगणं आहे की पुस्तकातली रोधकता बाजूला ठेवा आणि त्याच केबलला माप बनवा. त्याच ड्रमवरून टेपने मोजून १० मीटरचा तुकडा कापा. दोन्हींच्या त्याच दोन कोर दूरच्या टोकाला घट्ट जोडा. तुकडा आणि ड्रम रात्रभर एकाच सावलीत ठेवा. मग १२ व्होल्टची बॅटरी, गाडीचा २१ वॅटचा बल्ब, तुकडा आणि ड्रमवरची केबल अशी एकामागून एक जोडणी करा. बल्बमुळे करंट दीडेक अँपिअरवर राहतो. आता मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि लीडची टोकं बॅटरीच्या चिमट्यांवर न टेकवता थेट तांब्यावर टेकवा. तुकड्यावर ०.२० व्होल्ट आणि ड्रमवर १.४२ व्होल्ट आले, तर लांबी दहाच्या ७.१ पट, म्हणजे ७१ मीटर. दोन्हींतून एकच करंट वाहतो. जाडी, धातू आणि तापमानही एकच. त्यामुळे या सगळ्यांचा फरक आपोआप कटतो. व्होल्ट मोजताना लीडमधून करंट जवळजवळ जातच नाही, म्हणून लीडचा रोधही आड येत नाही.

शेतकऱ्यांनी एवढं करावं: केबलच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतील, तर दोन टोकांच्या आकड्यांतला फरक काढावा. आकडे नसतील, तर पैसे देण्याआधी केबल उलगडून टेप लावायला सांगावं. ओमचा हिशेब जमिनीत पुरलेल्या किंवा उलगडता न येणाऱ्या केबलसाठी ठेवावा. मोटर किती खोल सोडायची ते आधी ठरवून, स्टार्टरपर्यंतची लांबी त्यात धरूनच केबल घ्यावी. म्हणजे पाण्याखाली जादा जॉइंट मारायची वेळ येणार नाही.