हाडाचा जमाखर्च

खेळाडूचे हाड मोडले म्हणजे तो पडला असेल, आपटला असेल किंवा त्याला कोणीतरी धडकले असेल, असा आपला समज असतो. अपघात चारचौघांसमोर घडतो, आणि पायाचे प्लॅस्टर पाहिल्यावर कोणाच्या मनात शंका उरत नाही. परंतु हाड मोडण्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यात पडणेही नसते आणि आपटणेही नसते. रोजचा सराव चालू असतो आणि त्या सरावातच हाडाला केसासारखी बारीक चीर पडते. डॉक्टर याला ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला ‘ताणभंग’ म्हणू. मनोरे, जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब, लांब पल्ल्याचे धावणे, वेगवान गोलंदाजी अशा खेळांत उतरणाऱ्या मुलामुलींना हे दुखणे गाठते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. वैद्यक हा माझा विषय नव्हे. पण हे दुखणे मी स्वतः भोगले आहे, आणि ते समजून घेताना मला आपल्या जमाखर्चाच्या वहीचाच उपयोग झाला. म्हणून हा लेखनप्रपंच.

दुखणे जुनेच

हे दुखणे प्रथम नोंदले गेले ते खेळाडूंत नव्हे, तर शिपायांत. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टराने लिहून ठेवले की, लांबच्या कूचीनंतर नव्या शिपायांची पावले सुजतात व दुखतात. कारण मात्र त्याला दिसणे शक्य नव्हते, कारण क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, या सुजलेल्या पावलांतील हाडांना चीर पडलेली असते हे फोटोवरून सिद्ध झाले. म्हणूनच या प्रकाराला पुष्कळ दिवस ‘मार्च फ्रॅक्चर’ असे नाव होते. शिपाई पडला नव्हता, त्याला गोळी लागली नव्हती. तो फक्त चालला होता.

आज शिपायांच्या जागी खेळाडू आले आहेत. ‘चिअरलीडिंग’ हा शब्द आपल्याकडे २००८ साली आयपीएलबरोबर घरोघरी पोचला, आणि सीमारेषेजवळ नाचणाऱ्या मुली एवढाच त्याचा अर्थ आपण घेतला. प्रत्यक्षात स्पर्धेचे चिअरलीडिंग म्हणजे कोलांट्या, उंच उड्या, साथीदाराला हातांवर उचलणे आणि मानवी मनोरे. त्याच्या जागतिक संघटनेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. आपल्याला हे अनोळखी वाटण्याचे कारण नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातले मनोरे आणि गोकुळाष्टमीचे गोविंदा आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. खेळाचे नाव काहीही असो, तळाच्या मुलीच्या पाठीवर आणि उडी घेऊन उतरणाऱ्या मुलीच्या नडगीवर जो भार पडतो तो सारखाच.

हा भार किती? साधे धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो. उंचावरून उतरताना तो याहून पुष्कळ वाढतो. पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलीच्या पायावर तिप्पट जोर धरला तर १३५ किलो झाले. दिवसाला अशा शंभर उड्या धरल्या तर तीस दिवसांत तीन हजार. एका उडीने हाडाचे काही बिघडत नाही. हिशेब बिघडतो तो बेरजेने.

आधी उचल, मग भरणा

हाड म्हणजे घराचा निर्जीव खांब, असे आपण समजतो. तसे ते नाही. कन्नडमध्ये हाडाला ‘मूळे’ म्हणतात. मराठी कानाला त्यात झाडाची मुळे ऐकू येतात, आणि कल्पना म्हणून ती खोटी नाही. हाड जिवंत असते, वाढते, झिजते आणि भरून येते. ज्या हाडावर भार पडतो ते त्या भाराप्रमाणे आपली घडण बदलते, हा नियम जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ याने १८९२ मध्ये मांडला.

हाडात दोन प्रकारच्या पेशी काम करतात. पहिल्या प्रकारच्या पेशी झिजलेला भाग पोखरून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या तेथे नवे हाड भरतात. गंमत अशी, की पोखरण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते, पण भरण्याच्या कामाला तीन-चार महिने लागतात. म्हणजे हाडाची रीत ‘आधी उचल, मग भरणा’ अशी आहे. नवा सराव एकदम सुरू केला की पहिल्या तीन-चार आठवड्यांत उचल झालेली असते आणि भरणा मागे पडलेला असतो. नेमक्या याच काळात मनुष्याला वाटते की आपले अंग आता तयार झाले, कारण स्नायू आणि दम लवकर सुधारतात. हाड मात्र आतून कच्चे असते. व्यापारी आपल्या यंत्रावर दरवर्षी घसारा धरतो आणि दुरुस्तीसाठी यंत्र काही दिवस बंद ठेवतो. खेळाडूच्या हाडाचा घसारा मात्र कोणी धरत नाही.

हा हिशेब बिघडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. सराव एकाएकी वाढवणे ही पहिली. कठीण जमीन आणि तळ झिजलेले बूट ही दुसरी. आमच्या वासोणा-सिल्वासा भागात पाऊस धो धो पडतो. शाळा उघडतात जूनमध्ये, आणि २ ऑगस्टचा दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन व पाठोपाठ स्वातंत्र्यदिन, हे दोन्ही येतात भर पावसात. मैदानावर चिखल, म्हणून कवायतीचा सराव सिमेंटच्या अंगणात होतो. जुन्या तालमींतून लाल मातीचा हौदा खणून भुसभुशीत ठेवीत, त्यामागचे शहाणपण अशा वेळी कळते.

तिसरी गोष्ट आहाराची. जेवढे खर्चले तेवढे पोटात गेले नाही, तर शरीर हाडाच्या भरण्यात काटकसर करते. मनोऱ्याच्या टोकावर चढणाऱ्या मुलीला ‘वजन वाढवू नकोस’ असे सर्रास बजावले जाते. ती जेवण कमी करते, आणि काही महिन्यांत तिची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. संकोचाने ती हे कोणाला सांगत नाही. उलट स्पर्धेपुरती सोय झाली असे समजते. वास्तविक पाळी थांबणे ही हाडे दुबळी होत असल्याची सूचना असते, कारण ज्या संप्रेरकांवर पाळी चालते तीच हाडांची राखण करतात. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. यात लाजण्यासारखे काही नाही.

आहारासाठी महागडे डबे लागतात असेही नाही. आमच्याकडच्या आदिवासी घरांत नागली, म्हणजे नाचणी, पूर्वापार आहे. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. नागलीची भाकर, डाळ, दूध किंवा ताक, काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी आणि अंगावर थोडे ऊन, एवढे घरचेच भांडवल पुष्कळ आहे.

ओळख आणि अविश्वास

ताणभंगाची चाल ओळखता येते. सुरुवातीला सरावाच्या शेवटी दुखते व विश्रांतीने थांबते. मग सरावाच्या मध्येच दुखू लागते, पुढे सुरुवातीलाच, आणि शेवटी चालताना व रात्री झोपेतही. मुख्य खूण अशी, की दुखण्याची जागा एका बोटाने दाखवता येते. नुसते स्नायू किंवा नडगीची कड दुखत असेल तर दुखणे वीतभर पसरलेले असते. ताणभंग बहुधा नडगीत किंवा पावलाच्या लांब हाडांत होतो. पाठ मागे वाकवून कमान टाकणाऱ्यांत आणि वेगवान गोलंदाजांत तो कमरेच्या मणक्यात होतो. जांघेत खोलवर दुखत असेल व पाय टेकवत नसेल, तर एक दिवसही थांबू नये. मांडीच्या हाडाच्या मानेतील चीर वाढून हाड पुरते मोडू शकते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण फोटोत ही चीर बहुधा दिसतच नाही. भरून येणारे हाड जमू लागले की मग ती जागा फोटोत उमटते. एमआरआय तपासणीत ती आधी कळते, पण ती खर्चाची आणि सर्वत्र सोय नसलेली. मी अकरावीत असताना सरावाच्या चौथ्या आठवड्यात माझी डावी नडगी दुखू लागली. मी ते सांगितले, फोटोही काढला. फोटो स्वच्छ होता. तेवढ्यावर ‘हिला सराव नको आहे’ असा निकाल लागला. तीन आठवड्यांनी लंगडत पुन्हा फोटो काढला तेव्हा नडगीवर पांढरी रेघ दिसली. दुखणे सोसता येते. पण आपण ढोंगी ठरलो हे सोसणे फार अवघड जाते. माझ्यासारख्या किती मुली स्वच्छ फोटो हातात घेऊन पुन्हा सिमेंटवर उभ्या राहत असतील, हा विचार आजही माझ्या मनात येतो.

उपचार आणि धीर

उपचार साधा आहे, आणि म्हणूनच कठीण आहे. बहुतेक ताणभंग सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येतात. काही जागी अधिक काळ, कुबड्या किंवा शस्त्रक्रिया लागते. ते डॉक्टरांनी ठरवावयाचे. वेदनाशामक गोळी घेऊन सराव करणे म्हणजे खात्यात शिल्लक नसताना धनादेश फाडणे होय. चालताना मुळीच दुखत नाही अशी स्थिती आल्यावरच हलकी धाव, मग उड्या, आणि दर आठवड्याला थोडी वाढ. पुन्हा दुखले तर एक पायरी मागे यावे. मधल्या काळात पोहणे किंवा बसून करावयाचे हातांचे व पोटाचे व्यायाम डॉक्टरांना विचारून करता येतात.

पायापेक्षा मन सांभाळणे अवघड जाते. आपल्या जागेवर दुसरी मुलगी उभी राहते, मनोरा आपल्यावाचून उभा राहतो, टाळ्याही पडतात. मी त्या दिवसांत दोन गोष्टी धरल्या. सरावाला जाणे सोडले नाही. बाकावर बसून ताल मोजण्याचे काम मागून घेतले. आणि एका वहीत रोज दोन ओळी लिहिल्या : आज किती चालले आणि किती दुखले. दुसरा रकाना हळूहळू रिकामा होत गेला, तसा मला धीर आला.

मोठ्या खेळाडूंनाही हे चुकलेले नाही. जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये कमरेच्या ताणभंगामुळे दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी मालिका सोडावी लागली. पाठीचे दुखणे २०२२ मध्ये उलटले तेव्हा विश्वचषक हुकला, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो कर्णधार म्हणून परतला. पी. व्ही. सिंधूने ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि डाव्या पायाच्या ताणभंगामुळे लगेच येणाऱ्या जागतिक स्पर्धेतून माघार घेतली. या थांबण्याला कोणी भित्रेपणा म्हटले नाही. मग आपल्या गावच्या मैदानावर थांबणाऱ्या मुलीला तरी तसे का म्हणावे?

क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना माझी एवढीच विनंती आहे. सराव स्पर्धेच्या दोन महिने आधी थोड्यापासून सुरू करावा, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी, सिमेंटवर उड्या मारायला लावू नयेत. आणि एखादी मुलगी बोट ठेवून ‘येथे दुखते’ म्हणाली, तर फोटो स्वच्छ असला तरी तिच्या बोटावर विश्वास ठेवावा. त्या दिवशी दिलेली विश्रांती काही आठवड्यांची असते. ती नाकारली तर तीच विश्रांती पुढे व्याजासकट, महिन्यांच्या हिशेबाने, द्यावी लागते.