म्हैस कधी उडवायची

चि. सोनू,


तुझा गेम खेळले आणि त्यासोबत पाठवलेले सगळ्यांचे अभिप्रायही वाचले. ‘चिमणी उड, कावळा उड’ फोनवर आणायची कल्पना मला मनापासून आवडली. बोट टेकवून ठेवायचं, उडणारं काही दिसलं की उचलायचं, आणि म्हशीला उचललं की ती हंबरत आभाळात जाते. आपल्याकडे वाढलेल्या कुणालाही याचे नियम समजावून सांगावे लागणार नाहीत. 48 तासांच्या गेम जॅममध्ये एवढं पूर्ण करून दाखवलंस, याचं मला कौतुक आहे.

पण तुझ्या चार ओळींत तू हिरमुसलेली दिसलीस. कुणी ‘फारच सोपा’ म्हणतं, कुणी ‘अशक्य’, कुणाला लेव्हल्स हव्यात, कुणाला दुकान. मग ऐकायचं कुणाचं, असं तू विचारलंयस. मला वाटतं, आपल्याला खेळताना काय झालं हे माणूस सांगतो तेव्हा ते शब्दशः खरं धर. त्यावर उपाय काय, हे मात्र त्याच्यावर सोपवू नकोस. ते शोधणं तुझं काम आहे.

सगळ्यांत आधी ‘मी वेळेवर उचललं होतं तरी बाद झालो’ ही तक्रार घे. तू तिच्यापुढे ‘हरले म्हणून बोलतात’ असा शेरा मारलायस, तो खोडून टाक. ते खरं बोलताहेत. काहीतरी दिसलं की लगेच बोट हलवायचं, एवढ्यालाच माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तुझ्या खेळात तर आधी ओळखायचं आणि मग उचलायचं की नाही ते ठरवायचं. नेदरलँड्सच्या डोंडर्स या शरीरशास्त्रज्ञाने 1868 साली नेमकं हेच मांडलं होतं: एकाच इशाऱ्याला प्रतिसाद देण्यापेक्षा, एका इशाऱ्याला द्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा नाही, याला जास्त वेळ लागतो. आपली मुलं अंगणात बसून नकळत तोच प्रयोग करत आली आहेत. त्यात फोनचा स्वतःचा उशीर मिळव. पडदा सेकंदाला 60 वेळा बदलत असेल तर एक फ्रेमच सुमारे 17 मिलिसेकंदांची होते, आणि स्पर्श ओळखून चित्र बदलेपर्यंत अशा काही फ्रेम निघून जातात. स्वस्त फोनवर आणखी जास्त.

आता तुझ्या गेममध्ये काय होतं ते बघ. चिमणीसाठी उचललेलं बोट जरासं उशिरा नोंदलं जातं, तोवर पडद्यावर म्हैस आलेली असते, आणि गेम म्हणतो, म्हैस उडवलीस! म्हैस दिसल्यापासून पहिल्या दीडशे मिलिसेकंदांत उचललं गेलेलं बोट म्हशीसाठी असूच शकत नाही, इतक्या लवकर ती ओळखून बोट उचलणं कुणालाच जमत नाही. ते बोट आधीच्या चिमणीच्या खात्यात टाक. चिमणीची वेळ संपल्यावरही आतल्या आत थोडी सवलत ठेव, पडद्यावर ती दाखवायची गरज नाही. माझा अंदाज आहे की तुला आलेले निम्मे ‘अशक्य’ एवढ्यानेच मिटतील. विनोदी खेळात हे फार महत्त्वाचं, कारण चूक आपलीच होती हे पटलं तरच माणूस हसतो. अन्याय झाला असं वाटलं की म्हशीचं हंबरणंही त्याला चिडवल्यासारखं लागतं.

दुसरा अभिप्राय मला सर्वांत मोलाचा वाटला. ‘पहिल्यांदा हसू आलं, मग नाही.’ सांगणाऱ्याने उपायही दिलाय, आणखी मजेदार चित्रं घाला. तू लगेच उडणारा हत्ती आणि उडणारा खलबत्ता काढायला बसलीस. थांब. अंगणात ज्याच्यावर राज्य असतं तो काय करतो ते आठव. चिमणी उड, कावळा उड, पोपट उड, साळुंकी उड, अशी एक लय धरतो. बोटांना उचलायची सवय लावतो. त्याची नजर सगळ्यांच्या बोटांवर असते, आणि बोटं लयीत आली असं दिसलं की त्याच लयीत, आवाज अजिबात न बदलता, म्हैस सोडतो. हसू येतं ते मनाला कळलेलं असूनही बोटाला आवरत नाही म्हणून. तुझा कोड मात्र दर वेळी नाणं उडवल्यासारखा चिमणी किंवा म्हैस निवडतो. निम्म्या वेळा म्हैसच येणार असेल तर बोट सावधच राहतं. सवय लागत नाही, मग फसणार काय?

तेव्हा म्हैस दुर्मीळ कर. पाच-सहा उडणाऱ्यांनंतर एखादी, पण मोजून नको, नाहीतर लोक मोजू लागतील. त्याहून चांगलं म्हणजे खेळणाऱ्याचं बोट किती वेळात उचललं जातंय ते गेमला माहीतच असतं. ते सलग जलद होत गेलं की म्हैस पाठव. असं केलंस तर ‘फारच सोपा’ म्हणणारा आणि ‘अशक्य’ म्हणणारा, दोघांनाही आपापल्या वेगाचा खेळ मिळेल. खलबत्ता त्यानंतर काढ.

कोंबडीवरून दोघांनी रागाने लिहिलंय. अंगणात ‘कोंबडी उडते की नाही’ यावर होणारा तंटा हा खेळाचाच भाग असतो, भांडायला समोर माणूस असतो. फोनशी भांडता येत नाही. कोंबडी काढून टाक, किंवा तिच्या वेळी बोट उचललं तरी बरोबर आणि नाही उचललं तरी बरोबर ठरव.

लेव्हल्स आणि दुकान नको. खेळावर प्रेम बसलं की लोकांना तो मोठा व्हावासा वाटतो, त्यांच्या मागणीचा अर्थ तेवढाच. ‘दोनदा खेळून सोडला’ या वाक्याकडे मात्र नीट बघ. 1972 साली अटारी या गेम कंपनीच्या अल अल्कॉर्नने सरावासाठी म्हणून दिलेला ‘पाँग’ हा गेम बनवला आणि त्याचं यंत्र कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका बारमध्ये ठेवलं. काही दिवसांत यंत्र बंद पडल्याचा निरोप आला; उघडून पाहिलं तर नाण्यांनी पेटी भरून गेली होती. पुन्हा खेळावंसं वाटणं याहून स्पष्ट अभिप्राय नाही. तुझ्याकडे हरल्यावर आधी स्कोअरचं पान येतं, मग नाव विचारलं जातं, मग मुख्य पान. तोवर हसू विरून जातं. हनोईच्या डाँग ग्वेनचा ‘फ्लॅपी बर्ड’ काही दिवसांतच बनलेला होता आणि हरवायचा तर क्षणाक्षणाला, पण पुढचा डाव लगेच सुरू करता यायचा. नाव विचारायचं पान आजच काढ. म्हैस उडाली की बोट पुन्हा टेकवलं, डाव सुरू.

त्याच ग्वेनने फेब्रुवारी 2014 मध्ये, खेळ जगभर गाजत असताना, तो स्वतःहून काढून घेतला. त्या गाजण्याचा ताण त्याला असह्य झाला होता. म्हणून सांगते, रात्री झोपण्यापूर्वी अभिप्राय वाचत बसू नकोस. दिवसा वाच, हाताशी वही घेऊन. ‘बकवास’ एवढंच लिहिणाऱ्याने खेळताना काय झालं ते सांगितलेलं नाही, त्यामुळे त्याच्या शब्दाचं ओझं घ्यायचं कारण नाही.

आणि एक कर. सोसायटीतल्या दोन-तीन मुलांच्या हातात फोन दे आणि शेजारी गप्प बस. काही समजावू नकोस, ‘आता म्हैस येईल’ असंही नको. बोट कधी अडखळतं, हसू कुठे येतं, फोन परत कधी देतात, एवढं टिपून ठेव.

नवी आवृत्ती झाली की पाठव. माझा फोन जुना आहे, त्यावर स्पर्श किती उशिरा नोंदला जातो ते मोजून कळवते.

तुझी,
आत्या