मातीच्या तटाचे नगर

आफ्रिका खंडाच्या वायव्य कोपऱ्यात मोरोक्को नावाचा देश आहे. त्याच्या उत्तरेस भूमध्य समुद्र, पश्चिमेस अटलांटिक महासागर आणि दक्षिणेस सहाराचे विस्तीर्ण वाळवंट पसरलेले आहे. देशाच्या मध्यभागातून अ‍ॅटलस पर्वताच्या उत्तुंग रांगा गेल्या असून हिवाळ्यात त्यांची शिखरे बर्फाने झाकून जातात. या पर्वताच्या उत्तरेस, पायथ्याजवळच्या सपाट मैदानात मराकेश हे प्राचीन नगर वसले आहे. अल्मोराविद घराण्याच्या राज्यकर्त्यांनी इ. स. १०७० च्या सुमारास ते वसविले. पुढे या नगराचा लौकिक इतका वाढला की, 'मोरोक्को' हे देशाचे नावदेखील 'मराकेश' या नावावरूनच रूढ झाले.

मराकेश पाहावयाचे असेल तर सायकलीसारखे दुसरे वाहन नाही. नगराची भूमी तळहातासारखी सपाट आहे. जुन्या वस्तीतील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की त्यांत मोटार शिरत नाही. पायी फिरावे तर तटाबाहेरची ठिकाणे लांब पडतात. सायकल मात्र दोन्हीकडे चालते. मोटारीतून पाहणाऱ्याच्या नजरेतून जे निसटते, ते सायकलस्वाराला दिसते. कारण मनात येईल तेथे तो एक पाय जमिनीला टेकवून थांबू शकतो.

सकाळच्या गारव्यात प्रवासी भाड्याच्या सायकलीचे दुकान गाठतो. चाकांत हवा पुरेशी आहे ना, साखळीला तेल दिले आहे ना, ब्रेक नीट लागतो ना, एवढे पाहिल्यावाचून शहाणा सायकलस्वार निघत नाही. रोजच्या या लहानशा निगेवरच सायकलीचे आयुष्य अवलंबून असते. आणखी एक गोष्ट त्याला ध्यानात ठेवावी लागते. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात. मोरोक्कोत ती उजव्या बाजूने जातात.

पहिल्यांदा लागतो तो नगराचा तट. हा तट काळ्या पाषाणाचा नाही, विटांचाही नाही. तो मातीचा आहे! सुलतान अली इब्न युसुफ याने इ. स. ११२६ च्या सुमारास तो बांधावयास घेतला. त्याचा मूळ घेर सुमारे नऊ किलोमीटरांचा होता. लाकडी फळ्यांचा साचा उभा करावयाचा, त्यात चुना मिसळलेली ओलसर माती भरावयाची आणि ती धुमसाने ठोकून ठोकून घट्ट करावयाची. मग साचा उचलून त्याच थरावर पुढचा थर घालावयाचा, अशी ही पद्धत. भिंतीत ओळीने लहान लहान चौकोनी भोके दिसतात. अनोळखी माणसाला ती शत्रूवर मारा करण्यासाठी ठेवलेली जंग्यांची भोके वाटतात. वास्तविक बांधकामाच्या वेळी लाकडी आडव्या दांड्या जेथे खोचल्या होत्या, त्या जागा तशाच राहिल्या आहेत. आता त्यांत पाखरे घरटी करतात.

ही माती तांबूस रंगाची आहे. सकाळी तट गुलाबी दिसतो, दुपारी गेरूसारखा, तर मावळत्या उन्हात निखाऱ्यासारखा लाल. म्हणून मराकेशला 'लाल नगर' असे म्हणतात. परंतु मातीचा तट एकदा बांधला की काम संपले, असे होत नाही. ऊन, वारा आणि पाऊस तो झिजवीत राहतात. पडलेली खांडे भरावी लागतात, पोपडे काढून पुन्हा गिलावा करावा लागतो. गेली नऊशे वर्षे पिढ्यान्‌पिढ्या गवंड्यांनी हे काम केले, म्हणून हा तट आज उभा आहे.

तटाच्या कडेने जात असता दूरवरून कुतुबिया मशिदीचा मिनार दिसू लागतो. तो बाराव्या शतकातला असून त्याची उंची सुमारे ७७ मीटर आहे. आत पायऱ्यांऐवजी वळणावळणाने वर जाणारी चढण आहे. 'कुतुबिया' हे नाव पुस्तकविक्यांवरून पडले. एके काळी या मशिदीभोवती त्यांची दुकाने होती. ज्या नगरातील मोठ्या मशिदीला पुस्तकांच्या बाजारावरून नाव मिळाले, ते नगर विद्येचे माहेरघर असले पाहिजे. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवर भाष्ये लिहिणारा थोर तत्त्वज्ञ इब्न रुश्द हा इ. स. ११९८ मध्ये याच नगरात निवर्तला.

मिनार मागे टाकून, मोठा चौक ओलांडून प्रवासी उत्तरेकडील बाजारपेठेत शिरतो. येथे तांबटांची ठोकठोक, तेथे लोहारांचा भाता. एका गल्लीत रंगविलेल्या लोकरीच्या लडी टांगलेल्या, तर दुसरीत मसाल्यांचे ढीग. इतक्यात मागून आरोळी येते, "बालाक! बालाक!" मराठी मुलाला वाटेल, कोणा लहान मुलाला हाक मारीत आहेत. पण तेथील बोलीत या शब्दाचा अर्थ 'सांभाळा, वाट द्या' असा आहे. ओझ्याने लादलेले गाढव किंवा हातगाडी येत असली, की हा पुकारा होतो आणि सर्व जण भिंतीला चिकटून उभे राहतात. अशा गर्दीत सायकलस्वाराने खाली उतरून सायकल हातात धरून चालावे, हेच बरे.

गल्लीच्या वळणावर एक जुने सार्वजनिक कारंजे लागते. सोळाव्या शतकात मराकेशवर सादी घराण्याची सत्ता होती. त्या घराण्याच्या काळातील हे बांधकाम. त्याच्यावर देवदाराच्या लाकडाचे कोरीव छत आहे. तहानलेल्यांची सोय म्हणून बांधलेल्या या कारंज्याचे नाव मोठे गोड आहे: 'श्रोब ओ शूफ', म्हणजे 'पी आणि पाहा'. तहान तर भागवच, पण कारागिराचे कौशल्यही क्षणभर न्याहाळ, असा त्याचा भाव.

जवळच बेन युसुफ मदरसा ही जुनी पाठशाळा आहे. इ. स. १५६४-६५ मध्ये सादी सुलतानाने तिची नव्याने उभारणी केली. मधल्या प्रशस्त चौकात हौद. भोवती रंगीत तुकड्यांची फरसबंदी, चुन्यात कोरलेली वेलबुट्टी आणि अ‍ॅटलस पर्वतातून आणलेले देवदाराचे कोरीव लाकूड. विद्यार्थ्यांसाठी सुमारे १३० खोल्या होत्या. त्या इतक्या लहान, की अंथरूण व पुस्तके ठेवल्यावर फारशी जागा उरत नसे. दूरदूरच्या गावांतून आलेल्या मुलांनी येथे राहून शेकडो वर्षे अध्ययन केले. १९६० मध्ये पाठशाळा बंद झाली. पण वास्तूची डागडुजी होऊन ती पाहण्यास खुली झाली.

पूर्वेकडे जाता जाता उग्र दर्प येऊ लागला, की समजावे, कातडी कमावणाऱ्यांची वेस जवळ आली. तेथे जमिनीत बांधलेल्या ओळीओळीच्या कुंडांत कारागीर गुडघ्यापर्यंत उतरून काम करतात. चुन्याच्या पाण्यात भिजवून कातड्यावरील केस काढतात, कबुतरांच्या विष्ठेच्या पाण्याने ते मऊ करतात आणि मग कमावतात. पाहुण्यांच्या हातात पुदिन्याची जुडी दिली जाते. ती नाकाशी धरूनच ते उभे राहतात. बाजारातल्या सुबक पिवळ्या सपातांच्या मागे केवढे कष्ट असतात, हे येथे कळते.

वेशीबाहेर पडून सायकल उत्तरेकडे वळली, की खजुरांची विस्तीर्ण राई लागते. सैनिकांनी खजूर खाऊन फेकलेल्या बियांतून ही झाडे उगवली, अशी दंतकथा आहे. राईजवळच्या मैदानात जागोजागी मातीचे वर्तुळाकार उंचवटे एका ओळीत दिसतात. जणू एखाद्या प्रचंड उंदराने बिळे उकरीत नेली असावीत! मराकेशच्या इतिहासातील सर्वांत मोठे नवल या उंचवट्यांखाली दडलेले आहे.

येथे पाऊस फार थोडा पडतो. मग एवढ्या मोठ्या नगराला आणि बागांना पाणी कोठून मिळाले? अल् इद्रीसी या बाराव्या शतकातील भूगोलकाराने याचे उत्तर लिहून ठेवले आहे. अली इब्न युसुफच्या काळात उबैद अल्लाह इब्न युनुस नावाचा एक अभियंता मराकेशला आला आणि त्याने जमिनीखालील पाणी वर आणण्याची युक्ती दाखविली. पर्वताच्या बाजूस, उंचावर, पाणी लागेपर्यंत एक खोल विहीर खणावयाची. तिच्या तळापासून नगराच्या दिशेने एक बोगदा काढावयाचा. बोगद्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवावयाचा. जमीन भरभर उतरते, बोगदा हळूहळू उतरतो. त्यामुळे पुढे कोठेतरी दोघांची गाठ पडते आणि पाणी आपोआप उघड्यावर वाहू लागते. त्याला पंप लागत नाही, मोट लागत नाही. वाटेत हवा यावी आणि गाळ उपसता यावा म्हणून ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी ठेवतात. त्यांच्या तोंडाशी टाकलेली माती म्हणजेच ते उंचवटे. अशा बोगद्याला तेथे 'खेत्तारा' म्हणतात.

महाराष्ट्रातील मुलांना ही युक्ती अगदीच परकी वाटू नये. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी या नगरासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, याच तत्त्वावर भुयारी नहर काढला. तो 'नहर-ए-अंबरी' या नावाने प्रसिद्ध आहे. इतक्या दूरच्या दोन नगरांनी आपली तहान एकाच विद्येने भागवावी, ही किती विलक्षण गोष्ट!

मराकेशभोवती असे शेकडो खेत्तारे होते. दरवर्षी माणसे दोराने खाली उतरत, दिव्याच्या उजेडात गाळ काढीत आणि ढासळलेली बाजू सावरीत. विसाव्या शतकात खोल विहिरी आणि पंप आले. पाणी झटपट मिळू लागले; पण ते इतके उपसले गेले, की भूजलाची पातळी खाली गेली. खेत्तारे कोरडे पडले, त्यांची सफाई थांबली आणि बहुतेक बुजून गेले. जी विद्या आठशे वर्षे टिकली, ती थोड्याच काळात हातची गेली.

दुपार उलटल्यावर सायकल नगराच्या पश्चिमेकडील मेनारा उद्यानाकडे वळते. जैतुनाच्या झाडांच्या मधोमध एक विशाल हौद आहे. बाराव्या शतकात तो बांधला गेला. पर्वताकडून आणलेले पाणी त्यात साठवून झाडांना देण्याची ही योजना. आकाश निरभ्र असले, तर काठावरून दूरची हिमाच्छादित शिखरे दिसतात; ज्या बर्फाचे पाणी हौदात येते तोच बर्फ डोळ्यांसमोर उभा असतो.

परतताना तटाच्या काही भागांवर डागडुजीच्या खुणा दिसतात. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अ‍ॅटलस पर्वतात मोठा भूकंप झाला. डोंगरातील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि सुमारे तीन हजार माणसे प्राणास मुकली. मराकेशचा तट जागोजागी ढासळला. मोठ्या चौकातील एका लहान मशिदीचा मिनार कोसळला. कुतुबियाचा उंच मिनार हादरला, परंतु उभा राहिला. मातीचे बांधकाम अशा धक्क्यापुढे दुबळे ठरते, हे खरेच. तरीही लोकांनी धीर सोडला नाही. ढिगारे उपसून ते पुन्हा बांधकामाला लागले.

सूर्य मावळता मावळता प्रवासी पुन्हा मोठ्या चौकात येतो. त्याचे नाव जमा अल्-फना. आता तेथे दिवे लागले आहेत आणि खाद्यपदार्थांचा धूर उठतो आहे. लाल पोशाख आणि गोंडे लावलेली रुंद टोपी घातलेले पाणीवाले पितळी वाट्या वाजवीत फिरत आहेत. एका बाजूस लोक वर्तुळ करून बसले आहेत आणि मधोमध एक वृद्ध कथाकार हातवारे करीत गोष्ट सांगतो आहे. अशा कथाकारांची परंपरा शतकानुशतकांची आहे. या चौकातील कलांची थोरवी जाणून युनेस्कोने २००१ मध्ये त्यांचा जागतिक गौरव केला. पण चित्रपट आणि दूरदर्शनच्या काळात कथाकार थोडेच उरले. गोष्टीला ना दगड लागतो, ना माती. तिला ऐकणारा लागतो. ऐकणारा उठून गेला, की गोष्ट खेत्तारासारखी बुजून जाते. म्हणूनच काही तरुण मुले-मुली वृद्धांजवळ बसून ही कला शिकत आहेत.

प्रवासी सायकल दुकानदाराच्या स्वाधीन करतो. दुकानदार चाकांवरची लाल धूळ फडक्याने पुसतो, साखळीवर तेलाचे दोन थेंब सोडतो आणि ती भिंतीला टेकवून ठेवतो. उद्या सकाळी ती पुन्हा कोणाला तरी लाल नगर दाखविण्यास सिद्ध असेल.

अभ्यास

१. मराकेश पाहण्यास सायकल हे सोयीचे वाहन का?
२. मातीचा तट कसा बांधला? त्यातील भोके कशाची आहेत?
३. खेत्ताराची रचना आकृती काढून समजावून सांगा. खेत्तारे का बुजले?
४. 'गोष्टीला ऐकणारा लागतो' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या गावातील एखादी जुनी विहीर, बारव, वेस किंवा तट पाहून या. तिची निगा कोण राखते, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.